आधी चौक, मग गाडी

पुण्यात जलद वाहतुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न गाडीचा येतो. बस आणायची की लाइट रेल (रस्त्यातल्या रुळांवरून जाणारी हलकी रेल्वे), निओ (रबरी चाकांची मेट्रो) की पूर्ण मेट्रो? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा. आधी चौक सोडवावेत, मग थांबे, मग एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाण्याची सोय. एवढं झालं की गाडी कोणती हवी ते हिशेबातूनच निघतं. उलट क्रमाने गेलो तर काय होतं, याचा अनुभव या शहराने घेतलेला आहे.

देशातली पहिली बीआरटी, म्हणजे राखीव मार्गिकेतून धावणारी जलद बससेवा, आपल्याकडे झाली, डिसेंबर २००६ मध्ये, कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर. पुढे २०१५ मध्ये संगमवाडी–विश्रांतवाडी, सांगवी–किवळे, नाशिक फाटा–वाकड, त्यानंतर नगर रस्ता आणि २०१८ मध्ये निगडी–दापोडी. यातले काही मार्ग आजही चालतात, काही नावापुरते उरलेत, आणि नगर रस्त्यावरचा येरवडा–विमाननगर हा तुकडा उखडला गेला. बहुतेक ठिकाणी दुखणं एकच होतं. मार्गिका दोन चौकांच्या मध्ये होती आणि चौक आला, पूल आला, कॅन्टोन्मेंटची हद्द आली की संपत होती. निगडीहून रुंद रस्त्यावरून सुसाट आलेली बस दापोडीला सोडून द्यायची, आणि पुढे हॅरिस पूल, बोपोडी, खडकी या अरुंद भागात तिने सगळ्यांबरोबर रांगेत उभं राहायचं. जिथे मार्गिकेची गरज सर्वांत जास्त, नेमकी तिथेच ती नाही.

सरळ रस्त्यावर बस फारशी अडकत नाही. ती चौकात अडकते, आणि किती अडकते ते कागदावर काढता येतं. समजा सिग्नलचं चक्र १८० सेकंदांचं आहे आणि बसच्या दिशेला त्यातले ३० सेकंद हिरवा मिळतो. बस कोणत्याही क्षणी येऊ शकते असं धरलं, तर सरासरी थांबणं म्हणजे लाल वेळेचा वर्ग भागिले चक्राची दुप्पट. १५० गुणिले १५०, भागिले ३६०, म्हणजे ६२ सेकंद. आता तेच चक्र ९० सेकंदांचं केलं आणि बसला ४० सेकंद हिरवा दिला, तर ५० गुणिले ५०, भागिले १८०, म्हणजे १४ सेकंद. एका चौकात ४८ सेकंद वाचले. सोळा किलोमीटरच्या मार्गावर असे वीस चौक असतील तर एका खेपेत सोळा मिनिटं वाचतात. यासाठी गाडी बदलावी लागत नाही, खांब उभारावे लागत नाहीत.

मग चक्र १८० सेकंदांचं होतंच का? उजव्या वळणामुळे. चार दिशा आणि प्रत्येक दिशेला सरळ व उजवं मिळून वेगळी फेज म्हणजे हिरव्याची पाळी, अशा चार फेज झाल्या की प्रत्येकीला चाळीसेक सेकंद द्यावेच लागतात. रस्त्याच्या मधोमध बसमार्गिका असेल तर अडचण दुप्पट होते, कारण उजवीकडे वळणारं वाहन बसमार्गिकेच्या डावीकडून येतं आणि तिला आडवं कापून जातं. उपाय एकच: मुख्य रस्त्यावरून उजवं वळण बंद. वाहनाने पुढे जाऊन यू-टर्न घ्यावा, किंवा डावीकडच्या गल्लीतून वळसा घालून आडव्या रस्त्याने सरळ यावं. मग दोन फेज उरतात, ४० आणि ४० सेकंद, उरलेले दहा पिवळ्या दिव्याला आणि सगळीकडे लाल असण्याच्या क्षणांना.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, यू-टर्नची जागा बसस्थानकाच्या तोंडाशी दिली जाते, म्हणजे प्रवासी रस्ता ओलांडतात तिथेच गाड्या वळतात. यू-टर्न स्थानकाच्या आणि पादचारी पट्ट्याच्या पलीकडे, चौकापासून दीड-दोनशे मीटरवर असावा आणि वळणाऱ्यांसाठी दुभाजकात स्वतंत्र खिसा असावा, नाहीतर वळायला थांबलेली रांग बसमार्गिकेत उभी राहते. दुसरी चूक पादचाऱ्यांच्या बाबतीत. बत्तीस मीटरचा रस्ता सशक्त माणूस सत्तावीस सेकंदांत ओलांडतो. आजी-आजोबांना सेकंदाला ऐंशी सेंटीमीटर धरले तर चाळीस सेकंद लागतात, म्हणजे आडव्या फेजचा हिरवा जेमतेम पुरतो. म्हणून मध्ये किमान दोन मीटर रुंदीचं उभं राहण्याचं बेट हवंच. ते काढून गाड्यांना अर्धी मार्गिका जास्त दिली तर चौकाची क्षमता वाढत नाही, अपघात वाढतात. हा मुद्दा मी कुणाशीही, कितीही वेळ मांडायला तयार आहे. बसचा प्रत्येक प्रवासी दिवसातून दोनदा पादचारी असतो.

स्थानक चौकाला चिकटवू नये. सिग्नलला थांबलेल्या बसची रांग फलाटापर्यंत आली की मागची बस रिकाम्या फलाटासमोर दार न उघडता उभी राहते. थांबारेषेपासून निदान चाळीस मीटर मोकळे सोडावेत, बस जास्त असतील तर साठ.

आता फलाट. एका फलाटावर तासाला किती बस घेता येतील हे बस किती सेकंद उभी राहते यावर ठरतं. बस ३५ सेकंद थांबते, निम्मा वेळ सिग्नल हिरवा आहे, निघून जागा मोकळी व्हायला दहा सेकंद लागतात आणि कधी गर्दी जास्त तर कधी कमी, एवढं धरून हिशेब केला तर एका जागेवर तासाला साधारण ३३ बस बसतात. थांबण्याची वेळ २० सेकंदांवर आणली तर तीच जागा ५१ बस घेते. आपल्याकडे तिकीट वाहक गाडीत देतो, त्यामुळे वेळ तिकिटात जात नाही. तो पायऱ्यांवर, दारातल्या गर्दीत आणि फलाटापासून फूटभर लांब उभ्या राहिलेल्या गाडीत जातो. फलाट आणि बसची फरशी एका उंचीवर आणली की हा वेळ सरळ निम्म्याच्या जवळ येतो.

उंचीचा निर्णय एकदाच घ्यायचा असतो. शहरी बसच्या फरशीच्या आपल्या देशात तीन उंची प्रचलित आहेत: ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. मधोमधच्या स्थानकांना ९०० चा फलाट आणि बसला उजव्या बाजूला दारं, हा एक संच झाला. त्यात ४०० ची लो-फ्लोअर बस आली तर ती त्या स्थानकाला लागूच शकत नाही. ती मार्गिकेबाहेर डाव्या थांब्यावर थांबते आणि प्रवाशाला एकाच नंबरची बस दोन ठिकाणी शोधावी लागते. दोन्ही बाजूंना दारं दिली तर सात-आठ आसनं जातात. यातलं काहीही निवडा, पण पुढच्या पंधरा वर्षांच्या प्रत्येक बसखरेदीत तेच ठेवा. एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: मधोमध स्थानक असलं की फलाट चालकाच्या उजवीकडे, त्याच्या नजरेत येतो. त्यामुळे फलाटाच्या पायाशी गुळगुळीत कड दिली आणि चालकांना पंधरवडाभर सराव दिला, तर दहा सेंटीमीटरच्या आत गाडी लावणं जमतं. फलाटासमोरचा तीसेक मीटरचा रस्ता काँक्रीटचाच करावा. डांबर ब्रेक लागतो तिथे सरकतं, चाकोरी पडते, मग गाडी तिरकी होते आणि उंची जुळत नाही.

पाचशे मीटरवर थांबा धरला तर सोळा किलोमीटरवर बत्तीस थांबे होतात. प्रत्येकी पंधरा सेकंद वाचले तर आठ मिनिटं. चौकांतले सोळा धरून चोवीस. म्हणजे ताशी १२ किलोमीटरने ८० मिनिटं लागणारी खेप ५६ मिनिटांवर आली, वेग १७ झाला.

या चोवीस मिनिटांची खरी किंमत ताफ्यात दिसते. जुनी पूर्ण फेरी १६० मिनिटं, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं विश्रांती, एकूण १८०. दर पाच मिनिटांना बस द्यायला ३६ गाड्या लागतात. नवी फेरी १३२ मिनिटांची. त्याच ३६ गाड्या, तेच चालक-वाहक, आणि बस पावणेचार मिनिटांच्या आत. तासाला बाराच्या जागी सोळा बस मिळाल्या, एकही नवी न घेता. केंद्राच्या मापदंडानुसार चांगली सेवा म्हणजे हजार लोकसंख्येमागे ०.६ बस. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून २०११ च्या जनगणनेतले साडेअठ्ठेचाळीस लाख धरले तरी २,९०० बस होतात, आणि शहर तेव्हापेक्षा कितीतरी वाढलेलं आहे. नव्या बस हव्यातच. पण मंद रस्त्यावर ओतलेल्या बसपैकी चौथा हिस्सा सिग्नललाच उभा राहणार असेल, तर आधी सिग्नल दुरुस्त करणं स्वस्त पडतं.

मार्गिकेत घुसखोरी होते तिचं कारणही बरंचसं इथेच आहे. शेजारी अडकलेल्या दुचाकीस्वाराला चार-पाच मिनिटं रिकामी मार्गिका दिसली की तो आत शिरतो, एक शिरला की शंभर शिरतात, वॉर्डन किती पुरणार? दर दीड-दोन मिनिटांना बस येत असेल तर मार्गिका स्वतःच स्वतःला राखते. तासाला तीसपेक्षा कमी बस असलेल्या रस्त्यावर मधोमध मार्गिका बांधायची घाई करू नये. तिथे चौकाच्या अलीकडे शंभर मीटर डावी बसमार्गिका आणि सिग्नलला बससाठी पाच सेकंद आधी हिरवा, एवढं पुरतं.

रस्त्याची रुंदी मोजताना प्रामाणिक राहावं लागतं. दोन बसमार्गिका साडेतीन मीटरच्या, स्थानक साडेतीन मीटर, दोन्ही बाजूंना दोन-दोन सर्वसाधारण मार्गिका मिळून साडेबारा मीटर, पदपथ अडीच-अडीच. झाले २८. सायकल मार्ग धरले तर ३२. नकाशावर तीस मीटर लिहिलेला रस्ता जागेवर दुकानांच्या पायऱ्या, रोहित्र आणि वडाचं झाड धरून चोवीस भरतो. म्हणून दर पन्नास मीटरला टेप लावून मोजणी करावी, आणि जिथे कमी पडेल तिथे पदपथ न कापता सर्वसाधारण मार्गिका एक करावी. पेठांमध्ये तर मधोमध मार्गिकेचा विषयच नाही. बाजीराव रस्ता आणि शिवाजी रस्ता ही एकेरी जोडी आहे. तिथे एक डावी मार्गिका बससाठी आणि गाड्या उभ्या करायला पूर्ण मनाई, एवढंच बसतं, आणि मनाई पाळली गेली तर तेवढंही पुष्कळ आहे.

आता लाइट रेलकडे येऊ. बारा मीटरच्या बसमध्ये ७० माणसं धरली आणि स्थानकात एकामागे एक तीन बस लागतील अशी जागा केली, तर क्षमता तिप्पट होत नाही. पुढची बस निघेपर्यंत मागची अडकते, त्यामुळे तीन जागा मिळून साधारण अडीच जागांचं काम करतात. तासाला १२५ बस, एका दिशेला पावणेनऊ हजार माणसं. याच्या वर जायचं तर स्थानकापाशी ओलांडून जायला जास्तीची मार्गिका लागते, म्हणजे रस्ता आणखी सात मीटर रुंद. ती जागा नसेल आणि गर्दी मात्र असेल, तेव्हा लाइट रेलची पाळी येते. तीनशे माणसांची गाडी दर दोन मिनिटांना सोडली तर तासाला तीसच गाड्यांत नऊ हजार माणसं जातात, आणि सव्वाशेच्या जागी तीस चालक लागतात. दोन मिनिटांपेक्षा जवळ गाड्या आणल्या की चौकात रेल्वेला प्राधान्य देता येत नाही, आडवा रस्ता कायमचा बंद पडतो. केंद्राने २०१९ मध्ये मेट्रोलाइटचे, म्हणजे लाइट रेलचे, मापदंड ठरवले त्यात एका दिशेला ताशी १५ हजार प्रवाशांपर्यंतची कमाल मर्यादा आहे; चौकाचौकांतून जाणाऱ्या मार्गाने तिच्या जवळ जाण्याची अपेक्षा धरू नये.

रेल्वेची अडचण गाडीत नसते, जमिनीखाली असते. रस्त्याखालची जलवाहिनी फुटली तर बस शेजारच्या मार्गिकेतून जाते; रुळावरची गाडी जिथल्या तिथे थांबते. त्यामुळे रुळाच्या पट्ट्याखालच्या जलवाहिन्या, सांडपाण्याच्या नळ्या, केबल सगळ्या आधी बाजूला घ्याव्या लागतात, आणि पुण्यासारख्या जुन्या शहरात अंदाज हमखास चुकतात ते या कामात, कारण कुठे काय पुरलंय याचे नकाशे अपुरे असतात. दर शंभर मीटरला चाचणी खड्डा घेतल्याशिवाय निविदा काढूच नये. दुसरं, ही गाडी ७५० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालते आणि प्रवाह रुळांतून परत जातो. रुळाखालचं रबरी आवरण फाटलं किंवा पाणी साचलं तर प्रवाह जमिनीत झिरपतो, शेजारच्या लोखंडी जलवाहिनीत शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथे ती कुरतडतो. दोषाची जागा एकीकडे, गळती दुसरीकडे, म्हणून कारण लवकर सापडत नाही.

म्हणूनच मला पटणारा मार्ग असा: बीआरटी बांधतानाच पट्टा रेल्वेला चालेल असा ठेवायचा. वळणांची त्रिज्या तीस मीटरच्या खाली नको, चढ सहा टक्क्यांच्या आत, बसमार्गिकेखालच्या वाहिन्या पहिल्याच खोदाईत हलवायच्या, स्थानकाच्या दोन्ही टोकांना वाढायला जागा सोडायची. मग तासाला शंभर बस भरून वाहू लागल्या की रूळ टाकायचे. पंधरा वर्षांनी नाही भरल्या तरी काही वाया गेलेलं नसतं.

शहराभोवतीच्या कड्याला, म्हणजे १९८७ च्या विकास आराखड्यापासून कागदावर असलेल्या एचसीएमटीआर या उच्च क्षमतेच्या वर्तुळाकार वाहतूक मार्गाला, हा विचार नीट लागू पडतो. सुमारे ३६ किलोमीटरचा आणि २४ मीटर रुंद असा हा आरक्षित पट्टा. तिथे खासगी गाड्यांसाठी उन्नत रस्ता करू नये, हे माझं ठाम मत आहे. २४ मीटरांत फक्त सार्वजनिक वाहन, पदपथ, सायकल आणि झाडं बसतात, कारसाठी जागा काढली की बाकी सगळं जातं. शिवाय कड्यावरच्या सेवेला टोक नसतं. टोक नाही म्हणजे उशीर भरून काढायला जागा नाही. सकाळी नऊला झालेला सहा मिनिटांचा उशीर दुपारपर्यंत फिरत राहतो आणि दोन गाड्या एकमेकींना चिकटतात. म्हणून कडं दोन एकमेकांवर येणाऱ्या अर्ध्यांत तोडावं, प्रत्येकाला दोन्ही टोकांना सात-आठ मिनिटांची सैल वेळ द्यावी. आणि सोलापूर, सातारा, सिंहगड, पौड, गणेशखिंड, जुना मुंबई, आळंदी, नगर या प्रत्येक रस्त्याला कडं जिथे कापतं, तिथेच स्थानक, शंभर मीटरच्या आत बदली. तीनशे मीटर पुढे सोयीची जागा मिळाली म्हणून स्थानक सरकवलं की कड्याचा अर्धा उपयोग गेला.

बदली हा विषय आपल्याकडे फार हलक्यात घेतला जातो. वाट बघण्याचं एक मिनिट प्रवाशाला गाडीत बसण्याच्या दोन मिनिटांएवढं वाटतं, हे धरून नियोजन करायचं असतं. मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारातून स्वारगेटला पोचली. वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट या मार्गिका जिल्हा न्यायालय स्थानकात भेटतात, एक उंचावर, दुसरी जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर. लांबच्या प्रवासाला ही चढउतार परवडते, तीन-चार किलोमीटरच्या प्रवासाला नाही. म्हणून मेट्रोला समांतर आहे एवढ्या कारणावरून बस तोडू नये. कर्वे रस्त्यावर छोट्या टप्प्याचा प्रवासी बसचाच आहे.

फीडरचं, म्हणजे वस्तीतून मेट्रो स्थानकापर्यंत नेणाऱ्या बसचं, गणित सोपं आहे आणि तरी दर वेळी अर्धवट सोडलं जातं. वारजे माळवाडी ते नळ स्टॉप असा पाचेक किलोमीटरचा फीडर धरा. ताशी पंधराने वीस मिनिटं जायला, वीस यायला, टोकांना मिळून आठ. फेरी ४८ मिनिटांची. दर आठ मिनिटांना बस द्यायला सहा गाड्या लागतात, वर एक राखीव. तीन गाड्यांवर सुरू केलं तर सोळा मिनिटांनी बस येते. सोळा मिनिटं थांबण्यापेक्षा माणूस स्वतःची दुचाकी काढतो, मग प्रवासी नाहीत म्हणून फीडर बंद होतो. थांबा स्थानकाच्या जिन्यासमोर असावा, रिक्षांची रांग त्याच्या पुढे. उलट केलं की बसला लागायला जागाच उरत नाही.

डेपोबद्दल थोडक्यात. शंभर बसना उभं राहणं, वळणं, धुणं धरून अडीच-तीन एकर लागतात, आणि डेपो मार्गाच्या टोकाला हवा, नाहीतर रिकाम्या खेपा वाढतात. विजेच्या बस असतील तर दिवसाला २०० किलोमीटरला वातानुकूलनासह साधारण २४० युनिट, शंभर बसना २४ हजार. रात्रीच्या सहा तासांत ती भरायची तर चार मेगावॉटपेक्षा जास्त जोडणी लागते. महावितरणची वाहिनी, उपकेंद्र, रोहित्र हे काम बसखरेदीच्या आदेशाआधी सुरू व्हायला हवं. बस काही महिन्यांत येतात, उपकेंद्राला त्याहून वेळ लागतो.

उद्‌घाटनाआधी निदान तीन आठवडे रिकाम्या बस पूर्ण वेळापत्रकाने चालवाव्यात आणि प्रत्येक बसच्या जीपीएसवरून चौकागणिक थांबलेले सेकंद काढावेत. ज्या चौकात सरासरी पंचवीसच्या वर जाते, तिथला सिग्नल परत लावायचा. काम मार्चअखेर संपवावं, म्हणजे चाचणी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसातून जाते. मार्गिकेच्या कडेचे ठोकळे सलग लावले असतील तर पाणी आत तुंबलेलं त्या दिवशी दिसतं. दर पाच मीटरला फूटभर फट ठेवायची राहिलेली असते, ती तेव्हाच कापून घ्यावी.